बारा व्होल्टला फ्यूज कशाला?

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात रोषणाई समितीतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही रोषणाईवाली मंडळी. आमची जागा मखराच्या मागे, हातात टेस्टर आणि खिशात टेप. माइकपुढे यायची सवय नाही. पण कार्यकारिणीने सांगितलं, दोन वर्षांपूर्वी मखरात जे झालं ते सगळ्यांना नीट सांगा, कारण आता घरोघरी इन्व्हर्टर आलाय आणि गच्चीवर सोलर. म्हणून उभे आहोत.

आपण इंदूरची माणसं अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या पाहत वाढलो. रोषणाई म्हटलं की लखलखाट हवा. त्या वर्षी आम्ही 230 व्होल्टच्या माळा काढून 12 व्होल्टच्या एलईडी पट्ट्या लावल्या. मुलं मखराला हात लावतात, 12 व्होल्टचा झटका जाणवत नाही, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नव्हता. वीज गेली तर आरती अंधारात नको म्हणून 150 अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी ठेवली आणि तिच्यापाशी 30 अँपिअरचा फ्यूज टाकला. मोठा फ्यूज म्हणजे उडण्याची कटकट नाही, असा आमचा हिशेब.

तिसऱ्या रात्री शेजारतीनंतर एक काकू म्हणाल्या, "अरे, काहीतरी करपतंय." आम्ही म्हटलं, कापूर असेल. काकू म्हणाल्या, "कापराचा वास मला कळतो." झालर उचलून पाहिली तर तार हात लावू देईना. आवरण मऊ होऊन कापडाला चिकटलेलं, झालर तळहाताएवढी करपलेली. धावत जाऊन बॅटरीची क्लिप ओढली. मखराच्या टोकाला एका खिळ्याखाली तार दबून दोन्ही पदर जुळले होते. आणि फ्यूज? जसाच्या तसा, शाबूत.

दुकानदाराला दोष द्यावा असं आधी वाटलं. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा दोष आमचाच निघाला. तार होती अर्ध्या चौरस मिलिमीटरची. बॅटरीपासून टोकापर्यंत 10 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 20 मीटर. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण 0.039 ओहम, 20 मीटरचा 0.78. आता 12 ला 0.78 ने भागा. टोकाला पूर्ण शॉर्ट झाला तरी प्रवाह 15 अँपिअरच! 30 चा फ्यूज 15 अँपिअरला उडणार कसा? त्याच्या दृष्टीने हा निम्मा भार. आणि तीन अँपिअर सोसणाऱ्या त्या बारीक तारेत मात्र 180 वॅट उष्णता तयार होत होती. आम्ही बाप्पाच्या पाठीमागे हीटर लावला होता.

आमची समजूत अशी होती की फ्यूज दिव्यांसाठी असतो. तो असतो तारेसाठी. चालू भारापेक्षा थोडा मोठा, सव्वापट धरा, पण तार जेवढं सोसेल त्यापेक्षा लहान. आमच्या त्या लाइनवर 24 वॅटची एक पट्टी होती, म्हणजे दोन अँपिअर. तिथे तीनचा फ्यूज हवा होता. 15 अँपिअर आले असते तर तो लगेच गेला असता. दहाचा फ्यूज अकराला उडतो, हीही गैरसमजूत आहे. गाडीतल्या पात्यासारख्या फ्यूजमधून दहा टक्के जादा प्रवाह तासन् तास जाऊ शकतो, पस्तीस टक्के जादा असला तरी कधी काही मिनिटं लागतात. दुप्पट झाला की मात्र सेकंदांचा मामला.

आता तार दीड चौरस मिलिमीटरची घेतो, फ्यूज पाचचा. त्यामुळे टोकाची पट्टी मंद दिसण्याची तक्रारही गेली. पूर्वी दीड व्होल्ट तारेतच खर्च होत होता. प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात एक मोठा. वीतभरच का? कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला राखणारं कुणीच नसतं.

घरच्या इन्व्हर्टरकडे वळू. 600 वॅटचा भार 12 व्होल्टवर, इन्व्हर्टरची घट धरून, साधारण 60 अँपिअर ओढतो. तिथे 80 चा फ्यूज आणि 25 चौरस मिलिमीटरची केबल. आम्ही काही सभासदांकडे पाहिलं, केबल लांबवलेली, जोडावर टेप आणि फ्यूज नाहीच. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध काही सहस्रांश ओहम असतो. टोकांपाशी पाना आडवा पडला तर हजार-दोन हजार अँपिअर वाहू शकतात. रेडिओतला काचेचा फ्यूज एवढा प्रवाह तोडायला बनलेला नसतो. पात्याचा फ्यूज साधारण हजारापर्यंत तोडतो, म्हणून मुख्य जागी स्क्रूने आवळायचा जाड पट्टीचा फ्यूज लावा. लिथियम बॅटरी असेल तर टी क्लासचा. महाग आहे, पण तिथे काटकसर नको.

आणि कृपा करून जुन्या किटकॅटमध्ये तारेचे पदर गुंडाळू नका. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घालणारे आमच्यातही होते, नावं सांगत नाही. घरातली वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीची आणि सोलरची वीज शून्यावर येतच नाही. 48 व्होल्टच्या सोलर संचात ठिणगी तग धरते. म्हणून फ्यूजवर डीसी व्होल्ट किती लिहिलेत ते वाचून घ्या. पात्याच्या फ्यूजवर बहुधा 32 असतं, म्हणजे 48 ला तो चालणार नाही.

मुलांनो, रंग लक्षात ठेवा: दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. लाल उडाला म्हणून हिरवा बसवणारे काका दिसले तर आम्हाला कळवा.

ती जळकी तार आणि झालरीचा तुकडा प्रसादाच्या टेबलाशेजारी मांडला आहे. ज्यांच्या घरी इन्व्हर्टरची केबल लांबवली आहे त्यांनी तिची लांबी आणि जाडी लिहून वहीत नाव द्यावं. रविवारी सकाळी आमच्यातले दोघे येऊन पाहून जातील. चहा चालेल.