लकव्यानंतरचे चालणे
(मंडळाच्या कुरखेडा येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने, म्हणजे पक्षाघाताने, झाल्याचे तिच्या २०१५ सालच्या निबंधात नमूद आहे. इतर कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे दगावली नव्हती.

परंतु आज आम्हांस बोलावयाचे आहे ते जे वाचतात त्यांच्याविषयी. त्यांची खाट पडवीत पडते, आणि त्यांना उचलता उचलता घरची सून थकून जाते.

मेंदूचा जो भाग रक्ताअभावी मेला तो पुन्हा जिवंत होत नाही. पण शाबूत राहिलेला भाग त्याचे काम काही अंशी शिकू शकतो, आणि शिकतो तो पुनःपुन्हा केल्यानेच. याच तत्त्वावर स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे ‘लोकोमॅट’ हे यंत्र निर्माण झाले. रोग्यास पट्ट्यांनी वरून तोलून धरावयाचे, पायांस यांत्रिक सांगाडा बांधावयाचा. खाली पट्टा सरकतो आणि मोटारी कंबर व गुडघे चालण्याच्या लयीत हलवितात. यंत्रमानव म्हटले की लोखंडी पुतळा डोळ्यांपुढे येतो. हा तर पांगुळगाड्याचा थोरला भाऊ! २०२० साली ६२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. व्यायामोपचारास अशा यंत्रांची जोड दिल्यास आधाराविना चालू लागणाऱ्यांचे प्रमाण वाढते, आणि पहिल्या तीन महिन्यांत, मुळीच चालता न येणाऱ्यांस, लाभ अधिक होतो, असे त्यात आढळले.

मंडळाच्या निधीतून असे यंत्र आणावे, ही तरुणांची सूचना. उत्साह स्तुत्य, आमचे मत मात्र प्रतिकूल आहे. यंत्र अतिशय महाग, आणि जाणत्या उपचारकावाचून ते निरुपयोगी. घरच्यांस शिकविले की भागले, असेही नव्हे. भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांची चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, नातेवाइकांनी करवून घेतलेल्या व्यायामाने परावलंबन नेहमीच्या उपचारांहून कमी झाले नाही. तेव्हा फिजिओथेरपिस्ट हाच मुख्य. त्याने सांगितल्यास अंगणात कमरेच्या उंचीचे दोन समांतर बांबू बांधावेत. बांबूस आपल्याकडे तोटा नाही.

निधीतून पहिल्या तीन महिन्यांचे प्रवासभाडे आणि नागपुरातील मुक्कामाचा खर्च गरजू कुटुंबांस द्यावा, असा ठराव आम्ही सभेपुढे मांडीत आहोत.