गळके छप्पर आणि भाडेकरूंचा हक्क

(पावसाळ्यापूर्वी भाडेकरू कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईच्या जुन्या चाळींत पावसाळ्याची पहिली झळ वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांना बसते. छपरातून पाणी झिरपते, लाकडी तुळया कुजतात, भिंतींचा गिलावा सुटतो. घरमालकाचे उत्तर ठरलेले असते : एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. हे उत्तर कायद्याला मान्य नाही, ही गोष्ट प्रत्येक खोलीपर्यंत पोचवणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम होय.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ अन्वये, विरुद्ध करार नसल्यास, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे बंधन मालकावर आहे. त्याने हयगय केल्यास भाडेकरूंनी एकट्याने अथवा संयुक्तपणे किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षभरात वळती होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. कायद्याची मर्यादा येथेच उघडी पडते. जुने भाडे अल्प, म्हणून वजावटही अल्प. छपराचा खर्च मात्र प्रचंड. एकट्याच्या हाती दुबळे ठरणारे हे कलम सबंध चाळीच्या हाती बळ धरते.

संतापाच्या भरात भाडेच थांबवणे घातक आहे. थकबाकी म्हणजे घर खाली करवण्याचे आयते हत्यार. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींच्या भाडेकरूंनी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही तगादा लावावा. तेथील दुरुस्तीसाठी उपकर वसूल केला जातो.

इमारत गेली की हक्कही गेला, ही मालकवर्गाची जुनी मखलाशी. शहा रतनसी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ती फेटाळली : इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क त्यामुळे आपोआप संपत नाही. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांची भिस्त मात्र मुख्यतः कराराच्या मजकुरावर असते. सही करण्यापूर्वीच दुरुस्तीची जबाबदारी त्यात लिहून घ्यावी.

महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील कॉम्रेड्सनी आपापल्या राज्याचा कायदा तपासावा. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही.

तेव्हा पाऊस येण्यापूर्वी चाळीचाळींत समित्या स्थापन कराव्यात, पडझडीची छायाचित्रे, पावत्या आणि नोटिशीची पोच जपून ठेवावी. कायद्यातील अक्षराला संघटनेचे बळ मिळाले तरच ते छप्पर शाकारील.