राखलेली कलमं



या संमेलनाचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं आहे. माझं बहुतेक आयुष्य पेशी वाढवण्यात आणि त्यांनी बनवलेली प्रथिनं गाळून शुद्ध करण्यात गेलं. भाषणाची सवय नाही. बोलताना थांबले, तर काहीतरी गाळते आहे असं समजा.

आज सकाळी इकडे येताना रस्त्यालगतच्या बागा पाहिल्या. काही कलमांवर भरगच्च मोहोर, काहींवर नुसतीच लालसर पालवी. माझं आजोळ इथून जवळच, पावसच्या वाटेवर. लहानपणी या दिवसांत मुंबईहून आंब्याचा व्यापारी यायचा. आजोबांबरोबर बागेतून फिरायचा, माना वर करकरून मोहोर पाहायचा, ओटीवर बसून चहा घ्यायचा आणि एक आकडा सांगायचा. घासाघीस होऊन व्यवहार ठरला की विसार हातावर ठेवायचा. तिथून पुढची फवारणी, राखण, तोडणी, पेट्या सगळं त्याचं. तुडतुडा पडला, मळभ आलं, अवकाळी पाऊस झाला तर नुकसानही त्याचंच. आजोबा मात्र विहिरीकडची चार कलमं व्यवहारातून वगळायचे. “ती घरची,” एवढंच म्हणायचे.

प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटिबॉडी औषधांच्या मोठमोठ्या सौद्यांच्या बातम्या वाचताना मला ती ओटी आठवते. करार इंग्रजीत असतात, शंभर पानांचे असतात, पण व्यवहार मोहोरावरचाच असतो. आधी विसार, मग फळ धरलं तर इतके, पेटी भरली तर इतके, आणि बाजारात विकलं गेलं तर त्यातला वाटा. बातमीच्या मथळ्यात या सगळ्यांची बेरीज छापतात. खरा पैसा असतो तो विसाराचा. बाकीचे आकडे हवामानावर अवलंबून. विद्यार्थ्यांना माझं सांगणं असतं की सौद्याची बातमी वाचताना आधी विसार पाहा. घेणाऱ्याचा विश्वास किती, ते तिथे कळतं.

या धंद्याची सुरुवात मात्र व्यवहाराविनाच झाली. १९७५ साली केंब्रिजमध्ये सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी प्रतिपिंड तयार करणारी उंदराची पेशी आणि मायलोमा या कर्करोगाची पेशी यांचा संकर केला. पहिलीकडून प्रतिपिंड बनवण्याची कला आली, दुसरीकडून न मरता वाढत राहण्याचा गुण. एकाच जातीचं, म्हणजे मोनोक्लोनल, प्रतिपिंड हवं तितकं मिळू लागलं. या शोधाचं पेटंट घेतलं गेलं नाही, आणि मागेल त्याला मिलस्टाइन पेशी पाठवत राहिले. १९८४ साली दोघांना नोबेल मिळालं. १९८६ साली पहिलं मोनोक्लोनल औषध अमेरिकेत मंजूर झालं. आज ज्या बागांचे सौदे होतात, त्यांचं पहिलं रोप असं फुकट वाटलेलं आहे. हे विसरू नये.

मोहोर पाहून फळ ओळखणं किती कठीण असतं, याचं एकच उदाहरण देते. कीट्रूडा हे कर्करोगावरचं प्रतिपिंड नेदरलँड्समधल्या ऑर्गनॉन कंपनीत जन्मलं. २००७ साली शेरिंग-प्लाउने ऑर्गनॉन घेतली. २००९ साली अमेरिकेच्या मर्कने ४१ अब्ज डॉलरला शेरिंग-प्लाउ घेतली. या दोन्ही व्यवहारांत हे प्रतिपिंड कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. मर्क तर ते दुसऱ्या कोणाला देऊन टाकण्याच्या बेतात होती. याच प्रकारच्या दुसऱ्या औषधाचे चांगले निकाल २०१० साली आले, तेव्हा कोपऱ्यातली फाइल पुन्हा उघडली गेली. २०२४ साली त्या एका औषधाची विक्री साडेएकोणतीस अब्ज डॉलर झाली. म्हणजे बाग घेणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि मधल्या दलालाला, तिघांनाही सर्वांत मोठं झाड दिसलं नव्हतं.

गेल्या काही वर्षांत दोन प्रकारच्या प्रतिपिंडांवर पैशाची झुंबड उडाली. पहिला प्रकार एडीसी. यात प्रतिपिंडाला विषारी औषध बांधून ते कर्कपेशीच्या दारात पोहोचवतात, पोस्टमनच्या हाती नोटीस द्यावी तसं. २०२३ साली फायझरने या विद्येतली अमेरिकी कंपनी सीजेन ४३ अब्ज डॉलरला घेतली. त्या वेळच्या दराने साडेतीन लाख कोटी रुपये. त्याच वर्षी मर्कने जपानच्या दाइची सांक्योच्या तीन एडीसींसाठी चार अब्ज डॉलर विसार मोजला, आणि ॲबव्हीने इम्युनोजेन दहा अब्जांहून अधिक देऊन घ्यायचं ठरवलं.

दुसरा प्रकार दोन तोंडांच्या, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी पकड घेणाऱ्या प्रतिपिंडांचा. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेच्या समिट कंपनीने चीनच्या अकेसोकडून असं एक औषध पन्नास कोटी डॉलर विसार देऊन घेतलं. तेव्हा फारसं कोणी वळून पाहिलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमधल्या चाचणीचा निकाल आला. फुप्फुसाच्या कर्करोगात कीट्रूडावर रोग सुमारे पावणेसहा महिने आटोक्यात राहत होता, या औषधावर हा काळ अकरा महिन्यांच्या पुढे गेला. रोग आटोक्यात राहिला म्हणून आयुष्य तितकंच वाढतं असं नाही, हे आपण जाणतो. बाजार तितका थांबत नाही. जर्मनीच्या बायोएनटेकने त्याच धर्तीचं औषध असलेली चिनी कंपनी बायोथियस ८० कोटी डॉलर देऊन घ्यायचं ठरवलं. जून २०२५ मध्ये त्याच औषधातला निम्मा वाटा ब्रिस्टल मायर्स स्क्विबने घेतला आणि दीड अब्ज डॉलर विसार दिला. त्याआधीच्याच महिन्यात फायझरने शेनयांगच्या थ्रीएसबायोला सव्वा अब्ज डॉलर विसार कबूल केला होता. बायोथियसची अर्धी बाग दुपटीच्या जवळपास भावाने गेली, तीही काही महिन्यांत. झाडं तीच होती.

या आकड्यांनी डोळे दिपण्याआधी एका रात्रीची गोष्ट सांगते. मी तेव्हा एका कंपनीत रात्रपाळीला होते. नाव सांगत नाही. दोन हजार लिटरच्या टाकीत हॅम्स्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशी वाढत होत्या. याच सीएचओ पेशी जगातली बहुतेक प्रतिपिंडं बनवतात. चौदा दिवसांची बॅच, आमचा नववा दिवस. रात्री अडीचच्या सुमारास ऑक्सिजनची रेघ खाली येऊ लागली. वाटलं, प्रोब बिघडला. मग पीएचही घसरला. नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर गोल, शांत पेशींमधून बारीक काड्या वळवळत होत्या. जिवाणू. शिफ्टमधला मुलगा म्हणाला, “मॅडम, पुन्हा नमुना काढूया?” पुन्हा काढला. तेच. पहाटे वाफ सोडून सगळी बॅच मारावी लागली. कारण निघालं एका झडपेवरचं रबराचं कडं, मूठभर पैशांचं. त्या रात्रीपासून कुठल्याही सौद्याचा आकडा वाचला की मला ते कडं दिसतं. अब्जावधींच्या करारातलं औषध शेवटी रात्री अडीच वाजता कोणीतरी रेघ पाहत बसलेलं असतं म्हणूनच बनतं.

आता आपल्या दाराशी येते. १० जुलै २०२५ रोजी मुंबईच्या ग्लेनमार्कच्या इक्नोस ग्लेनमार्क इनोव्हेशन या कंपनीने आयएसबी २००१ हे तीन ठिकाणी पकड घेणारं प्रतिपिंड ॲबव्हीला दिलं. विसार ७० कोटी डॉलर, म्हणजे सुमारे सहा हजार कोटी रुपये. पुढचे टप्पे पार पडले तर आणखी सव्वाशे कोटी डॉलरच्या आसपास, आणि विक्रीतला वाटा वेगळा. हे औषध मल्टिपल मायलोमासाठी आहे. दोन हातांनी ते कर्कपेशीला धरतं आणि तिसऱ्याने आपल्याच रोगप्रतिकारक टी-पेशीला ओढून समोर उभं करतं. पहिल्या टप्प्यात ३५ रुग्णांपैकी ७९ टक्क्यांमध्ये रोग मागे हटला. रुग्ण थोडे आहेत, वाट लांब आहे. पण गंमत पाहा. मायलोमाच्या पेशीवाचून मिलस्टाइन-कोलरांचा संकर झालाच नसता, आणि पन्नास वर्षांनी त्याच जातीच्या रोगावर त्याच विद्येचं औषध निघालं.

हे यश एका मोसमाचं नाही. ग्लेनमार्कने २००४ साली दम्यावरच्या रेणूसाठी अमेरिकेच्या फॉरेस्टशी, २००६ साली मधुमेहावरच्या रेणूसाठी जर्मनीच्या मर्कशी, २००७ साली वेदनेवरच्या रेणूसाठी एली लिलीशी करार केले होते. तेव्हाही मथळे झळकले. एकही रेणू औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचला नाही. मोहोर गळाला. तरी स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या घड्याळांच्या गावात त्यांनी प्रतिपिंडांची प्रयोगशाळा चालू ठेवली. एक तुलना करते. केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय बायोफार्मा मिशन मंजूर केलं, जागतिक बँकेचं कर्ज धरून सुमारे दीड हजार कोटींचं. साऱ्या देशासाठी, कित्येक वर्षांसाठी. आयएसबी २००१ या एका औषधाचा विसार त्याच्या चौपट आहे. हा हिशेब मी सरकारला टोमणा म्हणून मांडत नाही. गळालेल्या मोहोराचे पैसे कोण सोसतो, हा प्रश्न आपण नीट विचारत नाही म्हणून मांडते.

या करारात मला सर्वांत मोलाचा भाग सत्तर कोटींचा वाटत नाही. ॲबव्हीला मिळाले उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि चीन. भारत, उरलेला बराचसा आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका इथले हक्क ग्लेनमार्ककडे राहिले. करारातल्या कलमाला आणि आंब्याच्या कलमाला मराठीत शब्द एकच आहे. विहिरीकडची कलमं राखली गेली आहेत. त्यांचं करायचं काय?

या प्रश्नाचं एक उत्तर परळमध्ये तयार झालेलं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: निवोलुमॅब हे प्रतिपिंड इतकं द्यावंच लागतं का? कर्करोगावरच्या औषधांची मात्रा रुग्णाला किती सोसते यावरून ठरत आली. पण टी-पेशींवरच्या जागा थोड्या औषधानेच भरून जातात, पुढचं औषध रांगेत उभं राहतं. डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी केली. निम्म्या रुग्णांना पोटात घ्यायच्या स्वस्त गोळ्या, निम्म्यांना त्याच गोळ्या आणि तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभराने पहिल्या गटात सोळा टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात त्रेचाळीस टक्के. ही चाचणी कुठल्या सौद्यात बसत नव्हती. मात्रा कमी करणाऱ्या प्रयोगाला विसार कोण देणार? तंबाखूने जबडे पोखरलेल्या आपल्या माणसांसाठी तो आपल्यालाच करावा लागला.

परळच्या फुटपाथवर थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलेले नातेवाईक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. एकदा एका बाईंनी मला विचारलं, “बर्फ वितळला तर औषध फुकट जातं का हो?” डब्याला त्यांनी पदर गुंडाळला होता. त्यांना औषधाचं नाव नीट सांगता येत नव्हतं, पण कुपीची किंमत पैशापर्यंत पाठ होती. कुठलं शेत गेलं, तेही त्याच वाक्यात होतं.

म्हणून या संमेलनाच्या निमित्ताने तीन गोष्टी मागते. जे प्रतिपिंड आपल्याकडून बाहेर जाईल, त्याच्या करारात भारताचा हक्क राखावा, आणि इथली किंमत व इथल्या चाचण्यांचं वेळापत्रक त्याच दिवशी जाहीर करावं. परदेशी मंजुरीची वाट पाहत त्याची फाइल कोपऱ्यात पडू देऊ नये. कमी मात्रेच्या चाचण्यांसाठी कंपन्यांनी आणि सरकारने मिळून निधी ठेवावा, कारण त्यात नफा नाही आणि बाजार तो कधीच देणार नाही. आणि पुणे, नवी मुंबई, चाकण, अंबरनाथ इथल्या कारखान्यांनी टाकीसमोर रात्रपाळी करणारी माणसं घडवावीत. विकायला प्रतिपिंडं पुष्कळ निघतील. ती बनवणाऱ्या पेशी सलग चौदा दिवस जिवंत ठेवणारे हात कमी आहेत.

शेवटचं सांगते. व्यापाऱ्याचे गडी बागेत फवारणी करायचे, तेव्हा विहिरीकडची चार कलमं सोडून जायचे. त्यांची चूक नव्हती, ती व्यवहारात नव्हती. राखलेल्या झाडाची राखण कोणी फुकट करत नाही. संध्याकाळी गडी गेले की आजोबा पाठीला पंप बांधून स्वतः जायचे. मी मागून बादली घेऊन. औषधाचा वास केसांत बसायचा, आजी ओरडायची. मे महिन्यात मात्र त्या चार कलमांचे आंबे आमच्या घरी, शेजारी आणि गड्यांच्या घरीही जायचे. वाटणीचं काम माझ्याकडे असायचं, आणि एकही घर चुकवायची मला मुभा नव्हती.