हालीची ‘मुसद्दस’
(शाळेच्या पटांगणांत जमलेल्या मंडळींपुढें केलेलें भाषण)



उर्दू कविता म्हटली कीं मैफल, शमा आणि प्रेयसीच्या बटा, एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. ट्रेनिंग कॉलेजांत असतांना आमचीहि समजूत तीच होती. पण याच भाषेंत एका कवीनें आपल्या झोंपलेल्या समाजाला गदगदां हालवून जागें केलें. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

कवीचें नांव अल्ताफ हुसेन हाली. १८३७ सालीं पानिपतास जन्मला. जें पानिपत आपल्याला फक्त भाऊसाहेबांमुळें ठाऊक, तेंच. १८५७ च्या बंडानंतर दिल्लीची बादशाही बुडाली. खानदानी मुसलमानांची सत्ता गेली, ऐट मात्र गेली नाहीं. नव्या विद्येकडे पुष्कळांनीं पाठ फिरविली. सर सय्यद अहमदखानांनीं १८७५ त अलीगडास शाळा काढली. त्यांच्याच आग्रहावरून हालीनें १८७९ त सहा-सहा ओळींच्या कडव्यांची ‘मुसद्दस’ छापली. तींत इस्लामची भरती आणि ओहोटी सांगितली आहे.

भरती सांगणारे पुष्कळ असतात. हालीनें ओहोटीचा दोष परक्याच्या माथीं मारला नाहीं, येथें त्याची मर्दुमकी. बड्या घरचीं पोरें कबुतरें उडवितात, लाव्यांच्या झुंजी लावतात, पण हाताला काम लावण्याची त्यांना लाज. मौलवी एकमेकांस काफर ठरविण्यांत गुंग. कवि खोट्या स्तुतींत बुडालेले. आणि हें बोलणारा स्वतः कवि, गालिबचा शिष्य! परमेश्वरानें ‘काय केलेंस’ म्हणून विचारल्यास ‘हालीकडून मुसद्दस लिहविली’ असें सांगेन, असें सर सय्यद म्हणत. पुस्तक फार निराशेचें झालें असें पुढें हालीलाच वाटलें, म्हणून १८८६ त त्यानें आशेची पुरवणी जोडली.

बायांनो, तुमच्यासाठीं आणखी एक गोष्ट. विधवेच्या निक्याला इस्लामांत मनाई नाहीं. तरी कुलीन म्हणविणाऱ्या घरांत विधवेला तसेंच जाळीत ठेवण्याची चाल शिरली होती. १८८४ सालीं हालीनें बालविधवेच्या तोंडून देवाला गाऱ्हाणें घातलें. भाषा फारसीनें जड केलेली नाहीं. चुलीपाशीं बसलेल्या बाईला कळावी अशी. शास्त्रार्थानें जें होत नाहीं तें अशा गाऱ्हाण्यानें होतें, असें आम्हांस वाटतें.

मात्र एक उणें सांगितलें पाहिजे. हालीचें मुख्य दुःख खानदानी घरांचें. आमच्या गांवच्या पिंजारी बंधूंस आम्हीं मुसद्दसेचा मतलब सांगितला. त्यांनीं शेवटपर्यंत मुकाट्यानें ऐकलें व विचारलें, “मास्तर, ज्यांना काम करा म्हणून सांगतो ते कोण? आमच्या घरांत तर कमान कधीं थांबलीच नाहीं.”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. ते आज येथें आले आहेत. मंडळींची इच्छा असेल तर आतां त्यांनींच दोन शब्द बोलावे.