सल्ला आपल्या जंगलाबद्दल, कागद मात्र साहेबांच्या कपाटात

(मे २०१३ मध्ये भिवंडी येथे गावोगावच्या वनहक्क समित्यांच्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांना पाड्यावर बसून वाचून दाखवावा.)



एवढ्या उन्हात तुम्ही आलात. कुणी वज्रेश्वरी-गणेशपुरीकडून, कुणी पडघ्याकडून, कुणी वाड्याच्या हद्दीवरून. वीटभट्टीवरची एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बायाही समोर बसल्यात. तेव्हा लांबण लावत नाही. विषय आहे सरकारच्या सल्लागार समित्या आणि त्यांच्याकडचे कागद. ऐकायला कोरडा वाटेल. पण प्लॉट राहणार की जाणार, याची पहिली ओळ हल्ली अशाच कागदावर लिहिली जाते. तलाठी, राउंड गार्ड यांच्यापर्यंत ती यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर वर सगळं ठरलेलं असतं.

सल्लागार समिती म्हणजे काय? मंत्र्याला नाहीतर सचिवाला एखाद्या गोष्टीवर निर्णय घ्यायचा असतो. तो म्हणतो, जाणकार माणसं बसवा, त्यांनी बघून सांगावं काय करायचं. ती माणसं फिरतात, नकाशे काढतात, बैठका घेतात, अहवाल देतात. निर्णय त्यांचा नसतो, सल्ला त्यांचा असतो. आणि आपण विचारायला गेलो की याच गोष्टीचा आडोसा घेतात: "हा नुसता सल्ला आहे, निर्णय झालेला नाही, त्यामुळे देता येत नाही." निर्णय झाल्यावर गेलं की ऐकायला मिळतं, "आता निर्णय झाला, आता कागद बघून काय करणार?" म्हणजे आधी गेलात तर लवकर आलात, नंतर गेलात तर उशीर झाला.

आपल्याच एका पाड्याच्या समितीला मागच्या पावसाळ्यात एका कार्यालयातून एका ओळीचं उत्तर आलं होतं. "सदर अहवाल विचाराधीन असल्याने प्रत देता येत नाही." लोकांनी ते उत्तर घडी करून डब्यात ठेवलं नि गप्प बसले. म्हणून आज एका खटल्याची गोष्ट सांगायची आहे. हेच उत्तर दिल्लीच्या एका मोठ्या मंत्रालयाने दिलं होतं आणि ते टिकलं नाही.

आपल्या पूर्वेला शहापूर-मुरबाडच्या माथ्यावर जो सह्याद्री दिसतो, तो गुजरातपासून केरळ-तामिळनाडूपर्यंत सहा राज्यांत पसरलाय. या डोंगराचं काय करायचं हे सांगायला केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने मार्च २०१० मध्ये एक तज्ज्ञ समिती नेमली. अध्यक्ष आपले मराठी शास्त्रज्ञ माधव गाडगीळ. समितीने ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला आणि मंत्रालयाने तो कपाटात ठेवला.

केरळातल्या एका साध्या नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला. मंत्रालय म्हणालं, अहवाल अजून अंतिम नाही, राज्यांचं मत घ्यायचं आहे, बाहेर गेला तर देशाच्या शास्त्रीय नि आर्थिक हिताला बाधा येईल. यासाठी त्यांनी कलम ८(१)(क) पुढे केलं. आपल्या नदीत किती पाणी आहे, कुठल्या डोंगरावर खाण नको, हे लोकांना कळलं तर देशाला धोका! तो माणूस थांबला नाही. अपील करत करत केंद्रीय माहिती आयोगापर्यंत गेला. तिथे आयुक्त होते शैलेश गांधी, मुंबईचेच, आयुक्त होण्याआधी स्वतः माहिती अधिकाराची चळवळ केलेले. त्यांनी एप्रिल २०१२ मध्ये निकाल दिला की अहवाल द्या, आणि नुसता त्या माणसाला नाही, सगळ्यांसाठी उघडा करा. पुढे असंही सांगितलं की यापुढे अशा समित्यांचे अहवाल हाती आल्यावर ३० दिवसांत जाहीर करत जा. एखादा भाग कायद्याने झाकायचाच असेल तर तेवढाच झाका.

मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. १७ मे २०१२ ला तिथेही हरलं. न्यायालयाचं म्हणणं साध्या भाषेत असं: सरकारने अहवाल स्वीकारला नसेल, पण समितीने आपलं काम पुरं करून तो दिला आहे, म्हणजे समितीपुरता तो अंतिमच आहे. आणि धोरण ठरायच्या आधी लोकांना त्यावर बोलता आलं पाहिजे, ठरल्यावर बोलून काय उपयोग? २३ मे २०१२ ला अहवाल जाहीर झाला. ३१ ऑगस्ट ते २३ मे, मोजा बोटावर. मूल पोटात राहतं तेवढे दिवस तो कागद आत राहिला.

या नऊ महिन्यांत काय झालं तेही बघा. कागद झाकलेला राहिला की अफवा मोकळी फिरते. अहवाल उघडा झाला तोही इंग्रजीत, जाडजूड, आणि मत कळवायला ४५ दिवस. कोकणात, केरळात लोकांना सांगितलं गेलं की आता शेती करता येणार नाही, घरावर कौल चढवता येणार नाही, सगळ्यांना उठवणार. सांगणारे कोण? ज्यांच्या खाणी नि प्रकल्प अडणार होते त्यातले बरेच. अहवालात काय होतं? डोंगराचे तीन दर्जे पाडलेले, सगळ्यात नाजूक भागात नव्या खाणी नि मोठी धरणं नकोत, आणि हद्दी कुठे कशा आखायच्या हे ग्रामसभांना विचारून ठरवा. वनहक्क कायदा नीट राबवा, सामूहिक हक्क द्या, हेही होतं. अहवालातलं सगळंच आम्हाला पटतं असं नाही. दिल्लीतून नकाशावर चौकोन पाडायची रीत आम्हाला आवडत नाही, मग चौकोन पाडणारा कितीही भला असो. पण भांडायचं तर वाचून भांडता आलं पाहिजे. न वाचता एका बाजूने ओरडायला लावलं गेलं, हे जास्त वाईट झालं. पुढे त्या अहवालाचा फेरविचार करायला कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती बसली आणि तिचाही अहवाल यंदा एप्रिलात आला. तोही इंग्रजीतच.

आता आपल्या जवळ या. जंगलाची जमीन धरणाला, कारखान्याला, रस्त्याला द्यायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राची परवानगी लागते. मोठ्या प्रकल्पांची फाईल बघून सल्ला द्यायला दिल्लीत एक कायमची समिती आहे. तिचं नाव वन सल्लागार समिती. हे नाव लक्षात ठेवा. मुरबाडच्या काळू धरणाचं काम ही परवानगी नसताना सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली नि कामाला स्थगिती आली. एप्रिल २०१२ मध्ये याच वन सल्लागार समितीने सांगितलं, परवानगी नको. बरोबर एका वर्षाने, एप्रिल २०१३ मध्ये, त्याच समितीने सांगितलं, द्या. जमीन तीच, जंगल तेच, सुमारे हजार हेक्टर. पाडे तेच, माणसं तीच. मग वर्षभरात फाईलमध्ये कोणता नवा कागद आला? कुणी लावला? त्यावर बैठकीत काय बोलणं झालं? हे प्रश्न मुरबाडच्या लोकांचे आहेत तसे आपलेही आहेत. मुंबई-ठाण्याची तहान वाढतेच आहे. आज काळू, उद्या दुसरी नदी.

आणखी एक कागद त्या फाईलमध्ये असावा लागतो. मंत्रालयाचं ३ ऑगस्ट २००९ चं पत्र आहे: वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर वनहक्कांचं काम पुरं झालंय आणि ग्रामसभेची संमती आहे, याचे पुरावे प्रस्तावाला जोडलेले पाहिजेत. म्हणजे आपल्या गावाचं नाव प्रस्तावात असेल तर आपल्या ग्रामसभेचा ठराव तिथे असायला हवा. तो आहे का? असेल तर कोणत्या तारखेचा? त्या दिवशी आपण कुठे होतो? सह्या, अंगठे कोणाचे? ही प्रत मागायचा हक्क तुमचाच सगळ्यात आधी आहे.

यंदा ५ फेब्रुवारीला मंत्रालयाने यात एक फट पाडली. रस्ते, कालवे, पाइपलाइन, विजेच्या तारा अशा लांबट प्रकल्पांना ग्रामसभेची संमती लागणार नाही असं पत्र काढलं. आपल्या तालुक्यातून काय काय लांबट जातं ते तुम्हाला सांगायला नको! पण त्याच पत्रात एक अपवाद आहे: आदिम जमातींच्या मान्य झालेल्या हक्कांना बाधा येत असेल तर सूट नाही. आपले कातकरी सरकारी यादीत आदिम जमात आहेत. म्हणून कातकरी वाड्यांचे दावे आधी मंजूर करून घ्या. हक्क "मान्य झालेला" असेल तरच हा अपवाद कामाला येतो.

मुंबईतही एक परिषद आहे. घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे राज्यात जनजाती सल्लागार परिषद असते. जास्तीत जास्त २० सदस्य, त्यातले तीन चतुर्थांश आदिवासी आमदार. अनुसूचित क्षेत्रात जमीन हस्तांतराचे नियम राज्यपालांना करायचे असतील तर या परिषदेचा सल्ला घ्यावाच लागतो. भिवंडी तालुक्यातली काही गावं या क्षेत्रात आहेत, शहापूर-वाडा तर सगळेच. आपण ज्यांना मतं दिली ते तिथे बसतात. ते काय बोलले, कशाला मान हलवली, याचं इतिवृत्त आपल्यातल्या किती जणांनी पाहिलंय? हात वर करा म्हटलं तर एकही वर होणार नाही.

कायदा काय म्हणतो ते तीन गोष्टींत ध्यानात ठेवा. माहिती अधिकार कायद्यात "माहिती" या शब्दाच्या व्याख्येतच "मत" आणि "सल्ला" हे शब्द आहेत. कलम २, पोटकलम च. म्हणून "हा नुसता सल्ला आहे" हे नकाराचं कारण होत नाही. दुसरं, कलम ४ प्रमाणे प्रत्येक खात्याने आपल्या सल्लागार समित्यांची यादी स्वतःहून जाहीर करायची, आणि त्यांच्या बैठकांना लोकांना बसता येतं का, इतिवृत्त बघता येतं का, तेही सांगायचं. त्याच कलमात माहिती स्थानिक भाषेचा विचार करून द्यावी असं आहे. मराठीचा आग्रह धरताना ते दाखवा. तिसरं, साहेब "मंत्रिमंडळाचे कागद" म्हणतील. तज्ज्ञांची समिती म्हणजे मंत्रिमंडळ नव्हे. आणि मंत्रिमंडळाचे कागदसुद्धा निर्णय होऊन विषय संपला की उघडे होतात.

अर्ज कसा करायचा? राज्याच्या कार्यालयात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखाली असाल तर दाखल्याची प्रत जोडा, पैसे नाहीत. महाराष्ट्राने मागच्या वर्षी नियम केलाय की एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. म्हणून गाऱ्हाणं अर्जात लिहू नका, गाऱ्हाण्याला मोर्चा आहे. अर्जात फक्त कागदाचं नाव, साल, "साक्षांकित प्रत मिळावी". लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. ते लिहून घ्यायला मदत करणं माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, उपकार नाहीत. चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर आहे. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील. त्यालाही ३० दिवसांची मुदत, ती चुकवू नका. मग ९० दिवसांत आयोगाकडे. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, आणि अर्ज एकट्याने नाही, चार-पाच जणांनी मिळून न्या. एकट्याला बाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवतात.

दाव्यांसाठी नकाशे नि नोंदी हव्या असतील तर माहिती अधिकारात जायचीही गरज नाही. वनहक्क नियमांप्रमाणे ग्रामसभेने लेखी मागितलं की अधिकाऱ्यांनी प्रत द्यायची आहे, आणि वन व महसूल नकाशे पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे. प्रांत ऑफिसात ग्रामसभेचं पत्र घेऊन जा.

आज जाताना कामं वाटून घेऊ. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांनी जनजाती सल्लागार परिषदेच्या मागच्या पाच वर्षांच्या इतिवृत्तांचा अर्ज आदिवासी विकास विभागाला टाकायचा. नदीकाठच्या पाड्यांनी वन विभागाला विचारायचं, आपल्या गावाच्या हद्दीतली वनजमीन मागणारे प्रस्ताव कोणते गेलेत आणि त्यांना जोडलेले ग्रामसभेचे ठराव कोणते. काळू धरणाच्या दोन्ही वर्षांच्या फाईलचा अर्ज दिल्लीला संघटना करेल, त्यावर मुरबाडच्या साथींबरोबर आपल्याही दहा गावांच्या सह्या हव्यात. ज्यांच्याकडे "विचाराधीन" असं उत्तर डब्यात पडून आहे त्यांनी ते पुढच्या बैठकीला घेऊन यावं, तारीख बघून अपील लिहू. कोरे अर्ज दाराशी टेबलावर आहेत, कोर्ट फी स्टॅम्पही आणून ठेवलेत. शाळेत जाणारी पोरं सोबत आली असतील तर त्यांना लिहायला बसवा.