काळोखातले पहारेकरी

अद्भुतकथा म्हणजे पोरांची करमणूक, असे आपण सहज म्हणून जातो. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेतील तिसरी कादंबरी (१९९९) मात्र वाचून पाहावी. तीतले ‘डिमेंटर’ हे तुरुंगाचे पहारेकरी कैद्यांच्या सुखद आठवणी शोषून घेतात. स्वतः भोगलेल्या नैराश्यातूनच ते सुचले, असे लेखिकेने सांगितले आहे. अशा रुग्णाला ‘जरा हसत जा’ म्हणणाऱ्या आप्तेष्टांना काय सांगावे? हसू यायचे तो साठाच लुटलेला! आम्हांला नवल वाटते ते सिरियस ब्लॅकचे. बारा वर्षे तिथे राहूनही त्याचे डोके ठिकाणावर राहिले, ते ‘मी निरपराध आहे’ एवढ्या एका जाणिवेवर. ती सुखाची नव्हती. म्हणून पहारेकऱ्यांना ती हिरावता आली नाही.