औषधांचा डबा
(महोत्सवी व्याख्यानमालेत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून धर्मगुरूने औषधांविषयी बोलावे हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मी वैद्य नव्हे. माझे शिक्षण सेमिनरीत झाले असून रोगाचे निदान करण्याचा अधिकार मजकडे नाही. परंतु दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर देण्याकरिता मी घरोघर जातो, तेव्हा खाटेशेजारी बहुधा एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा दृष्टीस पडतो. त्यात बिस्किटे मात्र नसतात. अर्धवट कापलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप, झाकण चिकटून बसलेल्या खोकल्याच्या बाटल्या, सुकून गेलेली मलमे, आणि कोणती वस्तू कोणासाठी आणली होती याविषयी घरात संपूर्ण अज्ञान! एका घरी तर रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन निराळ्या नावांनी होती आणि आजीबाई दोन्ही मोठ्या इमानाने घेत होत्या.

हा डबा भरतो कसा, याचा विचार आपण करावा अशी माझी विनंती आहे. तो दारिद्र्याने भरत नाही, श्रीमंतीनेही नाही. तो आपल्या उतावीळपणाने भरतो. नाक वाहू लागले की दुसऱ्या दिवशी आपण डॉक्टरांच्या दारी उभे राहतो, आणि त्यांनी “विश्रांती घ्या, चार दिवसांनी बरे वाटेल” असे सांगितले तर “हे कसले डॉक्टर, गोळीसुद्धा दिली नाही” असे म्हणत दुसऱ्याकडे जातो. वास्तविक साधे पडसे हे विषाणूंमुळे होते. ते सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते. अँटिबायोटिक म्हणून जी औषधे आहेत ती जीवाणूंस मारतात, विषाणूंस मुळीच नाही. म्हणजे पडशावर घेतलेली अँटिबायोटिकची गोळी ही शुद्ध उधळपट्टी होय, आणि पोट बिघडले तर तो वरचा नफा!

बरे, जेथे ते औषध खरोखर आवश्यक असते तेथे तरी आपण ते नीट घेतो काय? दोन दिवसांत ताप उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात, आणि पुढे शेजारणीच्या मुलास ताप आला की शेजारधर्म म्हणून बाहेर निघतात. पेनिसिलिनचा शोध 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला, आणि 1945 च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच त्यांनी जगास सावध केले होते की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधास तोंड देण्यास ते सरावतात. क्षयरोगाच्या बाबतीत हे आपल्या भागात अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. साधारणतः सहा महिन्यांचा उपचार मध्येच सोडणाऱ्याचा रोग पुढे साध्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो, आणि तोच हट्टी रोग घरातील लेकरांस लागू शकतो. आपल्या सरकारने 2014 पासून अशा कित्येक औषधांची विक्री अधिक कडक नोंदीखाली आणली. स्ट्रिपवर उभी तांबडी रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नव्हे, हे घरातील प्रत्येकाने ओळखावे.

येथे एका नाजूक विषयाला हात घालतो. दरवर्षी उपवासकाळात काही सज्जन पिशव्या भरून उरलेली औषधे माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, “फादर, गरिबांना द्या.” मी ती परत करतो. एका सद्गृहस्थांस याचा फार राग आला. त्यांनी दोन महिने माझ्याशी बोलणे टाकले. त्यांचा हेतू चांगला होता यात मला तिळमात्र शंका नाही. पण कडक उन्हाळ्यात कपाटात तापलेले, मुदतीचा भाग कापून गेलेले, नाव अर्धे पुसलेले औषध जे आपण आपल्या मुलास देणार नाही, ते गरिबाच्या मुलास कोणत्या न्यायाने द्यावे? ज्यांस दान करावयाचे असेल त्यांनी गरीब आजाऱ्याच्या हातातील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन नवे औषध आणून द्यावे. 2008 साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत पुष्कळ औषधे बाजारापेक्षा बरीच स्वस्त मिळतात, म्हणजे तेवढ्याच पैशांत अधिक आजाऱ्यांची सोय होते.

आता घरी काय करावे? पडसे-खोकल्यास गरम पाणी, मिठाच्या गुळण्या, पेज आणि झोप. एक वर्षावरील मुलास थोडा मध चालतो. त्याखालील बाळास तो कदापि देऊ नये. खोकल्याच्या बाटलीविषयी विशेष सांगतो, कारण 2025 साली मध्य प्रदेशात छिंदवाडा येथे दूषित खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली, आणि त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांस सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे बजावले.

जुलाबाविषयी तर प्रत्येक आईने एक गोष्ट कंठस्थ करावी. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे पटापट मरत असता, शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. जेथे शंभरांत तीसएक दगावत होते तेथे ते प्रमाण चाराच्याही खाली आले. एवढी शक्ती त्या साध्या पाण्यात आहे! दुकानातील ओआरएसची पुडी मिळाली तर तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती सबंध विरघळवावी. अर्धी आज, अर्धी उद्या करू नये. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अधिक पडू देऊ नये. हे पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध बंद करू नये, मग सासूबाई काहीही म्हणोत.

परंतु घरगुती शुश्रूषा म्हणजे डॉक्टरांस टाळणे नव्हे. ताप तीन दिवसांवर गेला, श्वास लागला, शौचावाटे रक्त पडले, मूल पाणी पिईनासे झाले वा मलूल होऊन पडले, किंवा तीन महिन्यांच्या आतील बाळास ताप आला, तर काढा उकळीत बसू नये. दोन आठवड्यांचा खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. आणि आपण तर वसईची माणसे! 2018 च्या जुलैमध्ये आपली घरेदारे पाण्यात होती. पुराच्या पाण्यातून चालल्यावर आलेला ताप हा लेप्टोचा असू शकतो. तो किरकोळ समजू नये. पावसाळ्यात डेंग्यूचाही संभव असतो, म्हणून तापावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनाने घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचे भय वाढते. पॅरासिटामॉल चालते, पण तेही बेताने. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत ते आधीच असते आणि दुहेरी मात्रेने यकृतास इजा पोचते.

राहिला तो डबा. मुदत गेलेले औषध संडासात, विहिरीत किंवा बावखलात ओतू नये. औषध नजरेआड झाले म्हणजे संपले असे नव्हे: डायक्लोफेनॅक टोचलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन आपल्या देशातील गिधाडे जवळजवळ नामशेष झाली, तेव्हा 2006 साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. केरळात 2025 साली सरकारने नको असलेली औषधे गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे तशी सोय होईपर्यंत गोळ्या स्ट्रिपमधून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळाव्यात, पिशवीत बांधाव्यात आणि घातक कचरा म्हणून निराळ्या द्याव्यात. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवाव्यात; कचरा उचलणारी बाईही कोणाची तरी आई आहे.

येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर शाळेच्या पडवीत आपल्या धर्मग्रामातील तीन परिचारिका बसणार आहेत. आपापला डबा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन यावे. त्या औषधे ठेवून घेणार नाहीत. कोणते चालू आहे, कोणते दुहेरी आहे, कोणाची मुदत गेली, एवढे निवडून देतील. शंका राहील तेथे तुमच्याच डॉक्टरांकडे पाठवतील. मुदतीची अक्षरे फार बारीक असतात, तेव्हा ज्येष्ठांनी चष्मा आणावा, अथवा एखादे नातवंड बरोबर आणावे.